नडगी दुखते, पण भरती तोंडावर आली

नमस्कार, श्रोते हो.

महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८०० मीटर. मुलानं ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आणि मुलीनं २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत अंतर काढलं, की २० पैकी २० गुण. त्यानंतर घड्याळ पुढं सरकतं तसे गुण गळत जातात. लेखी परीक्षेचं नंतर बघू, आधी मैदान. म्हणून काटोल, उमरेड, रामटेक, कुही, भिवापूरकडची पोरं-पोरी नागपुरात खोली करून राहतात, डबा लावतात आणि पहाटे रेशीमबागेत, मानकापूरला, नाहीतर जो रस्ता मोकळा सापडेल त्या रस्त्यावर पळतात. दिवसा कोणी दुकानात उभं, कोणी डिलिव्हरीच्या गाडीवर. रात्री अभ्यासिका.

यांना कोणी खेळाडू म्हणत नाही. आपला उमेश यादव, खापरखेड्याजवळच्या कोळसा खाणीच्या वस्तीतला, तोही एकेकाळी पोलिसात जायला निघाला होता. जमलं नाही. मग तो क्रिकेटकडे वळला, भारतीय संघात गेला, आणि त्याच्या पाठीशी फिजिओ, ट्रेनर, स्कॅन असं सगळं आलं. जे भरतीसाठी पळत राहिले, त्यांच्या वाट्याला मलमाची ट्यूब आली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ही मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक एकाच तक्रारीनं. "मॅडम, नळी दुखून राहिली. ग्राउंड पुढच्या महिन्यात आहे. कायतरी करा." मैदानावर या दुखण्याला 'शिन पेन' म्हणतात. गंमत अशी, की धावणाऱ्याच्या पायाच्या हाडाबद्दल वैद्यकशास्त्राला जे काही ठाऊक आहे, त्यातलं पुष्कळसं ऑलिम्पिकच्या धावपटूंकडून आलेलं नाही. ते सैन्यातल्या नव्या रंगरुटांकडून आलंय. म्हणजे वय, घाई आणि भीती तिन्हींच्या बाबतीत या मुलांसारख्याच मुलांकडून. ते संशोधन या मुलांपर्यंत मात्र पोहोचत नाही.

१८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरनं लिहून ठेवलं, की लांब कवायतीनंतर सैनिकांचे पाय सुजतात, दुखतात, पण मार लागलेला नसतो. कारण त्याला सापडलं नाही, क्ष-किरणच १८९५ मध्ये सापडले. दोन वर्षांनी पायाच्या त्या हाडांत बारीक तडा दिसला. एकाच घावानं मोडलेलं हाड नव्हे, हजारो पावलांनी थकलेलं हाड. आज आपण त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो.

हाड थकतं म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथं आहे. हाड जिवंत असतं. त्यावर भार वाढला, की शरीर जुना, झिजलेला भाग आधी कुरतडून काढतं आणि मग तिथं नवं हाड भरतं. काढण्याचं काम तीन-चार आठवड्यांत उरकतं. भरण्याला मात्र तीन महिने आणि वर लागतात. नागपूरकरांना हे वेगळं समजवायला नको, सिमेंट रोडसाठी रस्ता खोदतात एका रात्रीत, भरतात केव्हा ते आपण पाहतोच. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कमजोर असतं. जाहिरात निघाली, मुलगा जोशात उतरला, पहिले दोन आठवडे झकास गेले आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी बोलायला लागली, असं जे घडतं ते यामुळं. त्याच वेळी ट्रेनर सांगतो, "दुखतंय म्हणजे बॉडी बनून राहिली, पळत राहा." स्नायूच्या बाबतीत हे एक वेळ चालेल. हाडाच्या बाबतीत हा सल्ला घातक आहे.

दोन दुखणी वेगळी ओळखायला शिका. नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या अर्ध्या भागात, चार-पाच बोटं किंवा जास्त लांबीचा पट्टा दाबल्यावर दुखतो, धावताना सुरुवातीला दुखून मग कमी होतो, तर ते बहुधा हाडावरचा ताण. अंतर कमी केलं, की बरंचसं आटोक्यात येतं. पण एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी नेमकी कळ येत असेल, चालतानाही, रात्री पडल्या पडल्याही, तर धावणं थांबवायचं आणि नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी हॉस्पिटलांच्या हाडांच्या ओपीडीत जायचं. नडगीच्या पुढच्या धारेवर किंवा जांघेत खोल कळ असेल तर त्याच दिवशी. जांघेतल्या हाडाच्या मानेला गेलेला तडा पूर्ण सरकला, तर ऑपरेशन टेबल गाठावं लागतं. आणि एक लक्षात ठेवा, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे पुष्कळदा नॉर्मल येतो. तडा नंतर दिसतो, किंवा एमआरआयमध्ये दिसतो. "एक्स-रे क्लिअर आहे" म्हणून दुसऱ्या दिवशी स्पीड वर्कआउट करणारी मुलं मी पाहते, तेव्हा डोक्याला हात लावते.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. इस्राएलच्या सैन्यात १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २९५ पायदळी रंगरुटांवर १४ आठवडे लक्ष ठेवलं. त्यांतल्या ३१ टक्क्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. जवळपास तिघांत एक. पुढची पंचवीसेक वर्षं त्या डॉक्टरांनी नाना उपाय करून पाहिले. बूट, बुटातले सोल, काय काय. शेवटी आकडा ६० टक्क्यांहून जास्त खाली आला तो दोन साध्या गोष्टींनी. एक, एकूण चालायचं अंतर कमी केलं. दोन, रंगरुटाला रात्री किमान सहा तास झोप मिळालीच पाहिजे, असा हुकूम काढला. झोप! मशीन नाही, औषध नाही. आता आपल्या मुलाचा दिवस बघा. रात्री बारापर्यंत अभ्यासिका, पहाटे चारला उठून मैदान, दिवसभर उभ्याचं काम. त्याला चार तास झोप मिळते, आणि घरी आई शेजारणीला कौतुकानं सांगते, "आमचा पोरगा झोपतच नाही बाई." ते कौतुक जरा आवरा.

बुटांचं आणि स्ट्रेचिंगचं झटपट सांगते. पायाच्या कमानीप्रमाणे बूट निवडून दिले तर दुखापती कमी होतात का, हे अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन कोअरमध्ये हजारो रंगरुटांवर तपासलं गेलं. फरक पडला नाही. म्हणजे फाटके बूट चालतील असं नाही, पण उधार घेऊन महागडा जोड आणायची गरज नाही. पायाला आरामशीर वाटेल तो घ्या. आणि ऑस्ट्रेलियात १५३८ रंगरुटांवर पाहिलं, की धावण्याआधी एका जागी उभं राहून स्नायू ताणल्यानं दुखापती विशेष कमी होत नाहीत. ज्यांची दमछाक आधीपासून कमी होती, ते जास्त टिकले. वॉर्मअप करा, हळू धावून अंग गरम करा. पण अर्धा तास पाय ताणत बसलो म्हणजे नडगीचा विमा उतरला, असं समजू नका.

अंतर किती वाढवायचं? "आठवड्याला दहा टक्के" हा नियम सगळ्यांच्या तोंडी आहे. नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावपटूंवर तो तपासला तेव्हा, सावकाश वाढवणारे आणि भराभर वाढवणारे, दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली. नियम बाद म्हणायचा का? अलीकडे, २०२५ मध्ये, ५२०५ धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा वेगळंच दिसलं. आठवड्याची बेरीज तितकीशी महत्त्वाची नाही. मागच्या तीस दिवसांत जी सगळ्यात लांब धाव घेतली, तिच्यापेक्षा आज एकाच दमात दहा टक्क्यांहून जास्त पळालात, की धोका वाढतो. भरतीची पोरं नेमकं हेच करतात. आठवडाभर पाऊस, मैदान बंद, मग रविवारी मित्रांच्या पैजेवर दहा किलोमीटर.

मुलींबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण त्यांच्याशी हे कोणी बोलत नाही. बऱ्याच मुली पळायला लागल्यावर पाळी लांबते किंवा बंदच होते, आणि घरचे म्हणतात, एवढी मेहनत करते तर होणारच. काही मुली तर खूश असतात, कटकट गेली. अमेरिकेतल्या अॅन लाउक्स या शास्त्रज्ञ बाईंनी याचा छडा लावला. त्यांनी दाखवलं, की नुसत्या व्यायामानं संप्रेरकांची लय बिघडत नाही. व्यायामाच्या मानानं पोटात पुरेसं अन्न गेलं नाही तर बिघडते, आणि त्यांच्या प्रयोगात हा परिणाम अवघ्या पाच दिवसांत दिसला. पाळी थांबली याचा अर्थ शरीरानं खर्च कापायला सुरुवात केली. पाठोपाठ इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि हाड भरण्याचं काम मंदावतं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आणि स्पष्ट केलं, की मुलांनाही ती होते, फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी इशाऱ्याची घंटा नसते. म्हणून तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायचं, त्यात लाजायचं काही नाही. आणि वजन कमी झालं तर वेग वाढेल म्हणून रात्रीचं जेवण सोडणाऱ्या मुलींनो, सोमवार-गुरुवारचे उपास धरून पळणाऱ्या मुलींनो, निदान भरतीपुरता देवाशी समझोता करा. देव समजून घेतो. नडगीकडून ती अपेक्षा ठेवू नका.

अमेरिकन नौदलात ५२०१ महिला रंगरुटांचा अभ्यास झाला. एका गटाला आठ आठवडे रोज कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं, दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. पहिल्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चर २० टक्क्यांनी कमी झाली. फार मोठा आकडा नाही, पण खरा आहे. म्हणून सगळ्यांनी मेडिकल स्टोअरमध्ये धाव घेऊ नका. दूध-दही, तीळ, भाकरीसोबत डाळीची मोठी वाटी, भिजवलेले चणे, अंडी खात असाल तर अंडी. पळून आल्यावर नुसता चहा पिऊन अंघोळीला जाऊ नका, तर्री पोहे खा हवं तर, पण अर्ध्या-पाऊण तासात पोटात काहीतरी जाऊ द्या. डबेवाल्या काकूंना सांगून दोन पोळ्या वाढवून घ्या, महिन्याचे दोनशे रुपये जास्त मागतील, द्या.

वेदनाशामक गोळ्यांवर मी जरा रागानंच बोलणार आहे. मैदानावर उतरण्याआधी गोळी, कधी कधी इंजेक्शन, हे सर्रास चालतं. ८० किलोमीटरच्या एका शर्यतीत संशोधकांनी काही धावपटूंना आयबुप्रोफेन दिलं, काहींना बनावट गोळी. मूत्रपिंडावर ताण आल्याची चिन्हं गोळी घेणाऱ्यांत ५२ टक्के जणांमध्ये दिसली, न घेणाऱ्यांत ३४ टक्के. अभ्यास छोटा होता, ८९ जणांचा, आणि १६०० मीटर म्हणजे काही ८० किलोमीटर नव्हे. पण गरमी, घाम, पाणी कमी आणि वर रिकाम्या पोटी गोळी, हे गणित नागपुरात कुठल्याही महिन्यात जुळून येतं. शिवाय गोळी तडा बुजवत नाही. तडा वाढतोय, हे सांगणाऱ्याचं तोंड ती बंद करते.

शेवटी उन्हाचं. २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावल्यानंतर काही उमेदवार दगावले, तेव्हा मोठा गहजब झाला. २०२४ मध्ये झारखंडच्या भरतीत १० किलोमीटरच्या धावेच्या काळात दहाहून जास्त उमेदवारांचा जीव गेला. आपण विदर्भातले लोक मे महिन्याला घाबरतो, दुपट्टा बांधतो, खिशात कांदा ठेवतो. (कांदा खावा, खिशात ठेवून काही होत नाही.) पण जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस थांबून चिकचिक होते, पारा ३३-३४ वर असतो, तेव्हा आपण बिनधास्त असतो. त्या हवेत घाम वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही. अमेरिकन मरीन रंगरुट उष्म्यानं पडायला लागले, म्हणून १९५० च्या दशकात तापमान, दमटपणा, वारा आणि ऊन यांचा एकत्र हिशेब करणारं मोजमाप तयार झालं. नुसता थर्मामीटर बघून भरती ठेवायची की नाही हे ठरत नाही, हे तेव्हापासून ठाऊक आहे. अंगाला उष्म्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. ज्याचं मैदान दुपारी लागण्याची शक्यता आहे, त्यानं फक्त पहाटे सराव करून भागणार नाही. हळूहळू, थोडं थोडं, उशिरा धावायची सवय करावी.

धावताना किंवा धावून झाल्यावर कोणी भेलकांडला, असंबद्ध बोलायला लागला, विनाकारण चिडला, कोसळला, तर उष्माघात समजा. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असं म्हणू नका, धावपटूला घाम सुटलेला असतानाही तो होतो. अमेरिकेत फाल्मथ नावाच्या गावी ऑगस्टमध्ये शर्यत होते. १८ वर्षांत तिथं उष्माघाताचे २७४ धावपटू आले आणि सगळेच्या सगळे वाचले, कारण शेवटच्या रेषेजवळच्या तंबूत बर्फाच्या पाण्याचे टब भरून ठेवलेले असतात. आधी थंड करायचं, मग हॉस्पिटल. आपल्याकडे पेशंट आधी रिक्षात घालतात आणि तो ट्रॅफिकमध्ये तापत राहतो.

तेव्हा भरतीचं मैदान आखणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि अकादमी चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. एक मोठा प्लास्टिकचा टब, दोन ड्रम पाणी आणि बर्फाच्या लाद्या, एवढं मैदानाच्या कडेला ठेवा. टब नसेल तर ताडपत्रीचा खळगा करा, तेही नसेल तर ओल्या चादरी, बर्फ आणि सतत पाणी. एकानं १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी बूट-मोजे काढून त्याला गळ्यापर्यंत पाण्यात बसवायचं, डोकं वर धरायचं, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. गाडी आली म्हणून लगेच बाहेर काढू नका, अंग निवेपर्यंत पाण्यातच राहू द्या आणि आलेल्या डॉक्टरांना तसं सांगा.

नमस्कार.