हतनूरच्या काठावर हिवाळ्यातला एक दिवस

श्रोतेहो, नमस्कार. डिसेंबर ते फेब्रुवारीत सुट्टी मिळाली, तर जळगाव-भुसावळकडच्या मंडळींनी एक दिवस हतनूर धरणाच्या फुगवट्यावर जरूर काढावा. तापी-पूर्णेच्या संगमाजवळ, चांगदेवच्या बाजूला, उथळ पाणी आणि गवताळ गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली गाळाची जमीन, असल्यानं थंडीत इथे पक्ष्यांची मोठी वर्दळ असते.

उजाडायच्या आत काठावर पोहोचा. सकाळी सूर्य पाठीशी येईल अशी, म्हणजे पाण्याच्या पूर्वेकडची जागा धरा. उलट बाजूला उभे राहिलात, तर पक्षी नुसते काळे दिसतील, रंग कळणार नाहीत. दुर्बीण 8×42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरे. दहापट मोठं दाखवणारी हातात थरथरते. आधी उजवी बाजू झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा, मग डावी बाजू झाकून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. हे न केल्यानंच पुष्कळांचं डोकं दुखतं.

आता पाहायचं कुठे? कडेच्या उथळ पाण्यात थापट्या आणि तलवार बदकं चरतात. बुडी मारणारी लालसरी खोल पाण्याकडे असते. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब हंस मात्र पाण्यात शोधत बसू नका. तो गवत खातो, म्हणून काठच्या हिरवळीवर नजर टाका. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, ही त्याची खूण. थव्यानं माना उंचावल्या की तो उडायच्या बेतात आहे असं समजा आणि तिथेच खाली बसा. थंडीतला चारा सोडून त्यांना उगाच उडायला लावणं बरं नाही.

गाळाचं मात्र फार जपा. वरून वाळून भेगाळलेला थर आत ओला असतो. पुढे काठी टोचून बघा. ती सहज आत गेली तर मागे फिरा. पाय रुतलाच तर झटका देऊन उपसू नका, दुसरा पाय आणखी खाली जातो. मागे रेलून अंगाचा भार पसरवा आणि एकेक पाय हलवत सोडवा. पोहायला उतरूच नका.

उन्हं वर आली की भरीत! दहा माणसांना चार किलो भरताची हिरवी वांगी घ्या. आकाराच्या मानानं हलकी निवडा, जड वांग्यात बी जास्त. चुलीची जागा काठच्या गवतात नको; ओळखीच्या शेतात, मालकाला विचारून, मोकळ्या जमिनीवर करा. जाळायला कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या काड्या, खडखडीत वाळलेल्या हव्यात, ओल्या असल्या तर धूर कोंडतो आणि भरीत कडवट लागतं. प्रत्येक वांग्याला सुरीनं चार-पाच टोचे मारा, नाहीतर आतल्या वाफेनं ते फुटतं. तेलाचा हात लावून, फिरवत, देठाजवळचा भाग मऊ होईपर्यंत भाजा. मग दहा मिनिटं झाकून ठेवा, साल सुटते. साल काढताना वांगी पाण्यात धुतली, तर भाजल्याचा सगळा वास निघून जातो.

गर लाकडी काठवटीत ठेचा. हिरवी मिरची-लसूण तेलात परतून वेगळा कुटा. भरपूर तेलात जिरं, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप तळून, चिरलेली कांद्याची पात आणि हा ठेचा परता, शेवटी गर आणि मीठ. टोमॅटो, हळद नको. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. निघताना राखेवर पाणी ओतून हात लावून बघा, गार लागली तरच जागा सोडा.

दोन दिवस हाताशी असतील, तर नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ आणि तिथला यशवंत तलाव आहेच. सातपुड्यात उंचावर असल्यानं रात्री चांगलीच थंडी पडते, गरम कपडे घ्या. शहाद्यातच गाडीत इंधन भरा आणि घाटातली वळणं उजेड आहे तोवर चढून जा.