गिरणेकाठचे मैदान

जळगावहून धुळ्याकडे निघालेल्या महामार्गावर गिरणेचा पूल ओलांडला की बांभोरीच्या टेकड्या लागतात आणि त्या टेकड्यांवर सुमारे ६५० एकरांत पसरलेला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा परिसर दिसू लागतो. एके काळी हा उजाड माळ होता. उतारावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी येथे अडवण्यात आले, जमिनीत मुरवण्यात आले आणि मग झाडे धरली. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. निंबा कृष्णा ठाकरे हे होते. ‘अंतरी पेटवू ज्ञानज्योत’ हे त्याचे बोधवाक्य, आणि २०१८ पासून त्याच्या नावात आसोद्याच्या मातीत जन्मलेल्या, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. खानदेशाने स्वतःच्या विद्यापीठाला यापेक्षा योग्य नाव दिले नसते, असे आम्हांला मनापासून वाटते.

आजची गोष्ट मात्र या विद्यापीठाच्या मैदानाची आहे, आणि ती १९९० च्या बरीच आधी सुरू होते.

१९४५ साली जळगावात मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरात प्रताप महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा पुणे विद्यापीठही अस्तित्वात नव्हते. खानदेशातील ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होती. १९४९ मध्ये पुण्याला विद्यापीठ झाले आणि पुढची चार दशके खानदेशच्या विद्यार्थ्याची पदवी, परीक्षा आणि खेळ हे सारे पुण्याशी बांधलेले राहिले.

याच काळात मूळजी जेठा महाविद्यालयात एक विद्यार्थिनी टेबल टेनिस खेळत होती. बोदवडजवळच्या नाडगावात १९३४ मध्ये जन्मलेल्या या मुलीने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत ढाली जिंकल्या, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हे विषय घेऊन एम. ए. केले, पुढे मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९६२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ती आमदार झाली. २००७ मध्ये भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई पाटील यांच्या चरित्रात टेबल टेनिसचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो आणि संपतो. त्या ओळीवर थोडे थांबले पाहिजे. १९५० च्या दशकातील जळगावात एका मुलीने महाविद्यालयात शिकणे हीच घरोघरी चर्चेची बाब होती. तिथे हातात बॅट घेऊन स्पर्धेला उतरणे आणि जिंकून परत येणे यासाठी किती धीर लागला असेल, हे खानदेशातल्या आजीबाईंना वेगळे सांगावे लागणार नाही.

त्या पिढीतील इतर कितीतरी खेळाडूंची नावे कोठे नोंदलीच गेली नाहीत. विद्यापीठाच्या संघात जागा मिळवायची, तर निवडीसाठी पुण्यापर्यंत पोहोचावे लागे. जळगाव ते पुणे हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर. कापसाच्या वेचणीत घरच्या माणसांचे हात कमी पडत असताना बापाकडे गाडीभाडे आणि दोन दिवसांची सवड मागणारा मुलगा, आणि ती मागायलाही न धजणारी मुलगी, यांचे खेळ तालुक्याच्या मैदानावरच संपत. गुणांची वाण होती म्हणून नव्हे, तर अंतर फार होते म्हणून.

१९९० मध्ये हे अंतर तुटले. प्रथम जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे या विद्यापीठात आले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाल्यावर तीन झाले. आता महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतो, तेथून आंतरविभागीय स्पर्धेत जातो, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, त्या संघाचे सराव शिबिर होते आणि मग सांघिक खेळांतला संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला रवाना होतो. तेथे महाराष्ट्राबरोबरच गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोव्याची विद्यापीठे समोर असतात. पहिल्या चार संघांनाच अखिल भारतीय स्पर्धेचे दार उघडते. छातीवर आपल्या विद्यापीठाचे नाव असलेला गणवेश घालून परराज्याच्या मैदानात उतरण्याचा मान त्यामुळे प्रथमच खानदेशच्या मातीच्या नावाने मिळू लागला.

अर्थात खानदेशचा सर्वांत जुना क्रीडावर्ग विद्यापीठात नव्हे, तर गावच्या आखाड्यात भरत आला आहे. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांची दंगल, नारळावरची पहिली जोड लहान पोरांची आणि शेवटची कुस्ती पाहण्यासाठी पंचक्रोशीतून आलेली माणसे, हे चित्र येथे प्रत्येकाने पाहिलेले आहे. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचा विजय चौधरी याच मातीतला. २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा त्याने खांद्यावर घेतली. त्यापूर्वी असा सलग तीन वेळचा पराक्रम नरसिंग यादव यानेच केला होता. पुढे पोलीस अधिकारी झालेल्या विजयने नोकरी सांभाळून तालीम सोडली नाही आणि २०२३ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे भरलेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळवले. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो त्या मुलखात पहाटे उजाडण्याआधी जोर-बैठका काढून, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी खाऊन वाढलेल्या शरीराचा हा प्रवास आहे.

सुरत–भुसावळ लोहमार्गावर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव आणि जळगाव ही स्थानके एकामागून एक येतात. स्पर्धांच्या दिवसांत या गाड्यांच्या डब्यांत बॅगा, बूट आणि जाळीत बांधलेले चेंडू घेऊन बसलेली मुले-मुली दिसतात. धुळ्याची मुले चाळीसगावमार्गे किंवा एसटीने येतात. अक्कलकुवा आणि धडगाव येथील मुलांना मात्र लोहमार्गही नाही. सातपुड्यातील चढ-उतारांवर लहानपणापासून पायी हिंडलेल्या या मुलांच्या फुप्फुसांत लांब पल्ल्याची धाव मुळातच असते, असे आम्ही मानतो. पण बांभोरीचे मैदान धडगावपासून अजूनही सुमारे २०० किलोमीटरवर आहे. घाट उतरून शहाद्याला यायचे, तेथून शिरपूर, मग चोपडा, आणि तापी ओलांडून जळगाव. सकाळी आठच्या निवड चाचणीसाठी त्या मुलाला आदल्या दिवशी दुपारीच घर सोडावे लागते.