मागच्या धावा कशा वाचायच्या

(सारंगखेड्याच्या यात्रेनिमित्त शहाद्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सारंगखेड्याच्या बाजारात घोड्यापुढे उभं राहिलं की बोलणं कुठून सुरू होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. देवमण आहे का, भोवरे कुठे, पंचकल्याणी आहे का, दात किती, रेवाल चाल कशी. मग एखादे आबा नेमकं विचारतात, "भाऊ, घोडा कितला पयस?" म्हणजे किती पळतो? मालक सांगतो, अमक्या ठिकाणी पहिला आला. या उत्तराने माझं समाधान होत नाही. पहिला आला, पण कुणात? पाठीवर किती वजन होतं? अंतर किती?

आपल्या यात्रांमधल्या शर्यतींची लेखी नोंद सहसा राहत नाही. रेसकोर्सवरच्या थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या, घोड्यांची राहते. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर होतात. रेसबुकात प्रत्येक घोड्याच्या मागच्या धावा छापलेल्या असतात. कोणतं अंतर, किती वजन, कोण जॉकी, कितवा नंबर, किती लेंग्थचा फरक (एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर म्हणजे एक लेंग्थ), किती वेळ. पैसे लावण्याबद्दल आज मी काही बोलणार नाही. त्या बारीक अक्षरांतून घोड्याची खरी ताकद कशी ओळखायची, एवढाच विषय.

सुरुवात वजनापासून करू, कारण नवखा माणूस तिथेच चुकतो. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवतात. जॉकी हलका पडला तर खोगिराबरोबर शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरं करतात. आता असं धरा, १६०० मीटरला एक घोडा ६० किलो घेऊन दुसरा आला. जिंकणाऱ्याच्या पाठीवर ५३ किलो होते आणि तो दोन लेंग्थ पुढे होता. या अंतराला एक किलो म्हणजे साधारण एक लेंग्थ, असा जुना ठोकताळा आहे. कमी अंतराला एका लेंग्थसाठी किलोहून थोडं जास्त वजन धरतात, लांब अंतराला कमी. इथे वजनाचा फरक सात किलोंचा. म्हणजे दोघांवर सारखं वजन असतं, तर हरलेला घोडा पाच लेंग्थने जिंकला असता. भरल्या गाडीचा बैल रिकाम्या गाडीच्या दोन पावलं मागे राहिला, तर तुम्ही कोणता बैल घ्याल?

अमेरिकेतला मॅन ओ' वॉर २१ शर्यती पळला आणि २० जिंकला. १९१९ मध्ये साराटोगाला तो एकदाच हरला, अपसेट नावाच्या घोड्याकडून. त्या दिवशी मॅन ओ' वॉरवर १३० पौंड होते आणि अपसेटवर ११५. शिवाय त्याची सुरुवात बिघडली, वाटेत तो कोंडला गेला. एवढं होऊनही शेवटी तो जेमतेम मागे राहिला. मला तर त्याची थोरवी त्या एका पराभवातच सगळ्यात स्पष्ट दिसते.

वेळेवर मात्र एकदम विश्वास टाकू नका. पावसात भिजलेल्या पुण्याच्या ट्रॅकवरची वेळ आणि महालक्ष्मीच्या कोरड्या हिरवळीवरची वेळ एका रांगेत ठेवता येत नाही. जमीन किती मऊ आहे हे पेनेट्रोमीटरने मोजून जाहीर करतात, तो आकडा वेळेच्या शेजारी ठेवूनच वाचायचा. त्याच दिवशीच्या बाकीच्या शर्यती किती वेळात झाल्या, तेही पाहायचं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे शर्यत पळवली कशी. पुढचे घोडे रमतगमत निघाले आणि खरी धाव शेवटच्या ६०० मीटरलाच झाली, तर मागून येणाऱ्याला अंतर भरून काढायला जागाच उरत नाही. तो चौथा येतो. कागदावर चार हा आकडा, पण शेवटचा टप्पा त्यानेच सगळ्यात वेगाने कापलेला असतो. उलट पुढचे दोघे जिवाच्या आकांताने सुटले असतील, तर शेवटी दमलेल्यांना ओलांडून जाणारा घोडा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. म्हणून शेवटच्या टप्प्याची वेळ वेगळी काढा, आणि जमेल तिथे शर्यतीचं चित्रीकरण परत पाहा. रेलजवळ, म्हणजे आतल्या कठड्याशी, कोंडलेला घोडा किंवा जॉकीने शेवटी सोडून दिलेला घोडा आकड्यांत दिसत नाही.

मला स्वतःला सगळ्यात भरवशाची वाटते ती गोष्ट अशी, की शर्यतीची खरी किंमत नंतर कळते. तिथे तिसरे, चौथे, पाचवे आलेले घोडे पुढच्या महिन्या-दीड महिन्यात जिंकू लागले, तर ती शर्यत भक्कम होती. त्यात सहावा आलेलाही नजरेत ठेवावा. ते सगळे पुढे मागेच राहिले, तर पहिल्या नंबरालाही फार किंमत देऊ नये.

एकाच धावेवरून कोणाला मोठं किंवा लहान ठरवणंही धोक्याचं. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या वूड मेमोरियल शर्यतीत सेक्रेटेरियट नावाचा घोडा तिसरा आला आणि शॅम दुसरा. नुसता निकाल वाचणारा म्हणेल, शॅम सरस. पण सेक्रेटेरियटच्या तोंडात गळू झालं होतं. दोन आठवड्यांनी केंटकी डर्बीत त्याने शॅमला अडीच लेंग्थने मागे टाकलं, आणि ती शर्यत दोन मिनिटांच्या आत संपवणारा तो पहिला घोडा ठरला. आता शॅमकडे पाहा. वेगात पळणारा घोडा सेकंदाला साधारण सहा लेंग्थ कापतो. अडीच लेंग्थ म्हणजे अर्ध्या सेकंदाहून कमी, आणि सेक्रेटेरियटची वेळ होती १ मिनिट ५९.४ सेकंद. त्या हिशेबाने शॅमही दोन मिनिटांच्या आतच पोचला होता. बहुतेक कुठल्याही दुसऱ्या वर्षी तो डर्बी जिंकला असता. नोंदीत त्याच्या नावापुढे फक्त दोन लिहिलेलं आहे, आणि मला त्याच्याबद्दल फार वाटतं.

एका भाऊंनी विचारलं आहे, की आमच्या घोड्यांची नोंदच नाही, मग आम्ही काय करायचं? नोंद सुरू करा. शर्यतीचं अंतर टेपने मोजा. स्वाराला खोगिरासकट काट्यावर उभं करा. फोनवर वेळ घ्या, शेवटच्या २०० मीटरची वेगळी घ्या. जमीन ओली होती की कोरडी, किती घोडे पळाले, पहिल्या तिघांत किती फरक होता आणि घोड्याची तब्येत त्या दिवशी कशी होती, हे वहीत त्याच संध्याकाळी लिहा. हरलेल्या धावाही लिहा, त्या गाळू नका. पुढच्या दत्तजयंतीला घोडा विकायला आणाल तेव्हा ती वही सोबत आणा, आणि घेणाऱ्याने मागितली तर अख्खी त्याच्या हातात द्या.