झूमचे बटण आणि गाण्यांची डिस्क

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे. मोबाइलवर सारे काही मिळू लागल्यापासून असे प्लेअर अनेक घरांत माळ्यावर गेले. आमचा मात्र जागेवरच राहिला, कारण माझ्या लग्नाची १९९३ सालची व्हिडिओ कॅसेट आम्ही पुढे डीव्हीडीवर उतरवून घेतली आणि वडिलांनी जमवलेले गाणेही डिस्कवरच आहे. या प्लेअरच्या रिमोटवरची काही बटणे आम्ही कित्येक वर्षे दाबलीच नव्हती, आणि आज मला त्यांच्याविषयीच बोलायचे आहे.

गेल्या वर्षी आईची दृष्टी बरीच अधू झाली. लग्नाची डिस्क लावली होती आणि अक्षता टाकणाऱ्या गर्दीत उभा असलेला तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, तिला काही केल्या दिसेना. मामा आता हयात नाही. मी चित्र थांबवले आणि झूमचे बटण दाबले, तर पडद्यावर आल्या माझ्याच मुंडावळ्या. झूम नेहमी चित्राच्या मध्यावर सुरू होतो, त्यानंतर रिमोटवरच्या बाणांनी चौकट डावीउजवीकडे किंवा वरखाली सरकवावी लागते, हे मला तेव्हा कळले. बाण तीन-चार वेळा दाबल्यावर मामाचा चेहरा समोर आला आणि आई बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

मात्र झूममुळे चित्रात नव्याने काहीही येत नाही, हे आधीच ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. दुप्पट झूम केला की त्यांतला चौथा भाग पडद्यावर उरतो, आणि चौपट केला की सोळावा भाग, म्हणजे १८० बाय १४४ ठिपके, सगळा पडदा व्यापतात. मूळ चित्रण व्हीएचएस कॅसेटवरचे असेल तर त्यात तपशील याहूनही कमी असतो. म्हणून चेहरा ओळखण्यासाठी दुप्पट झूम पुरतो; त्यापुढे नाक-डोळे विरघळू लागतात. थांबवलेले चित्र थरथरताना दिसले तर प्लेअर बिघडला असे समजू नये. पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचे, एकाआड एक ओळींचे, विणलेले असते. हलणारा हात त्या दोन अर्ध्यांत वेगवेगळ्या जागी असतो, म्हणून तो थरथरतो. काही प्लेअरच्या सेटिंगमध्ये स्थिर चित्रासाठी ‘फील्ड’ हा पर्याय असतो. तो निवडला की थरथर थांबते, चित्र किंचित भरड दिसते, पण आईसारख्या प्रेक्षकाला तेच सोयीचे पडते.

रुंद पडद्याच्या टीव्हीवर जुना चित्रपट चारही बाजूंनी काळ्या पट्ट्यांत अडकलेला दिसतो, तिथे प्लेअरचा झूम न वापरता टीव्हीच्या रिमोटवरचे चित्राचे आकारमान बदलावे, हे मी अनुभवाने सांगते; प्लेअरचे झूमचे टप्पे ठरावीक असल्याने त्यात बहुधा माणसांची डोकी कापली जातात.

आता गाण्याकडे वळते, कारण माझा जीव खरा तिथे गुंतलेला आहे. साध्या ऑडिओ सीडीवर ८० मिनिटांपर्यंतचे गाणे मावते. त्याच ७०० एमबीच्या डिस्कवर १२८ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट, दराच्या एमपीथ्री फाइली भरल्या तर जवळपास १२ तासांचे गाणे बसते, आणि या मोठ्या आकड्याला भुलून वडिलांचा सगळा संग्रह मी आधी त्याच दराने भरला होता. पुढे तानपुऱ्याची आस बोथट झाल्याचे आणि तबल्याच्या चाटेवरची धार गेल्याचे वडिलांनीच मला दाखवून दिले. २५६ दराने भरले तर सुमारे ६ तासांचे गाणे मावते, आणि शास्त्रीय संगीताला तोच दर द्यावा असे माझे ठाम मत आहे. एकदा कमी दराने दाबलेली फाइल पुन्हा मोठ्या दराने बनवली तरी गेलेला नाद परत येत नाही. मूळ सीडीपासूनच आरंभ करावा लागतो.

विलंबित आणि द्रुत हे दोन वेगळ्या फाइलींत असतील तर एमपीथ्री वाजताना मध्ये क्षणभर शांतता पडते आणि नेमकी समेवरची पकड सुटते, म्हणून अखंड राग एकाच फाइलीत ठेवावा. फाइलींची नावे रोमन लिपीत द्यावीत, कारण पुष्कळ प्लेअर देवनागरीच्या जागी नुसत्या चौकटी दाखवतात. क्रमांक ०१, ०२ असे शून्यासह लिहावेत, नाही तर अक्षरक्रमाने चालणारा प्लेअर पहिल्यानंतर थेट दहावे गाणे लावतो. डिस्क भरून झाली की संगणकावर ‘फायनलाइज’ करण्यास, म्हणजे इतर प्लेअरना वाचता यावी म्हणून तिची नोंद पूर्ण करून ती बंद करण्यास, विसरू नये. पेनड्राइव्ह लावायचा असेल तर तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. जुने प्लेअर इतर पद्धती सहसा वाचत नाहीत.

आवाज टीव्हीतूनच येत असेल तर गाणे चालू असताना टीव्ही बंद करता येत नाही. प्लेअरच्या मागील लाल-पांढऱ्या खोबणींतून वायर थेट ॲम्प्लिफायरला जोडली, तर गाण्यांची यादी टीव्हीवर निवडून झाल्यावर पडदा खुशाल मालवावा.

ठाण्याला खाडीची दमट हवा, त्यात पावसाळा, म्हणून डिस्क पुसण्याविषयीही एक गोष्ट सांगते. डिस्क गोल फिरवत पुसू नये. मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत, मऊ सुती कापडाने पुसावी. गोल ओरखडा डिस्कवरच्या नोंदीच्या रेषेवरच लांबवर पडतो आणि प्लेअरला तो सावरता येत नाही.

रियाज करणाऱ्यांसाठी आणखी एक बटण आहे, ‘ए-बी’ नावाचे. तानेच्या सुरुवातीला ते एकदा दाबावे, शेवटी पुन्हा एकदा, की तेवढाच तुकडा अखंड फिरत राहतो. माझी मुलगी संध्याकाळी एकच तान अशी वीस वेळा ऐकते, आणि आतल्या खोलीतून आई तिला सांगते की, आता तिसरा सूर लागला.