ख्मेर मंदिरांच्या मधल्या वाटेने : सीएम रीपपासून चार दिवस दुचाकीवर

नमस्कार. कंबोडियात अंकोर या ख्मेर राजांच्या जुन्या राजधानीतील प्रेआह खान मंदिरात पूर्वेच्या दाराने प्रवेश केलात, तर मुख्य देवळापाशी पोहोचण्याआधी जाड भिंतींची एक लांबट दगडी इमारत लागते. बहुतेक पर्यटक तिच्याकडे न पाहताच पुढे जातात. सातव्या जयवर्मन राजाने ११९१ साली याच मंदिरात जो संस्कृत शिलालेख कोरवला, त्यात राज्यातील मार्गांवर असलेल्या १२१ ‘वह्निगृहां’चा, म्हणजे जेथे अग्नी ठेवला जाई अशा घरांचा, उल्लेख आहे. ही इमारत त्यांच्यापैकीच एक मानली जाते, आणि अभ्यासकांनी या वास्तुप्रकाराला नाव दिले आहे ते आपल्या चांगल्या ओळखीचे : धर्मशाळा.

ज्या राज्यात वाटसरूंसाठी इतक्या धर्मशाळा होत्या, तेथील मंदिरे समजून घ्यायची तर त्यांना जोडणाऱ्या वाटाही पाहायला हव्यात, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच आज मी अंकोरजवळच्या सीएम रीप शहरातून निघून बेंग मेआलेआ, कोह केर आणि सांबोर प्रेई कुक पाहून परत येणारा चार दिवसांचा दुचाकी प्रवास तुमच्यासमोर मांडणार आहे.

[पडद्यावर नकाशा]

आधी तयारीचे बोलू. कंबोडियात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. भर रहदारीत ही गोष्ट सहसा लक्षात राहते, पण जेवायला थांबून रिकाम्या रस्त्यावर पुन्हा निघताना हात सवयीने डावीकडे वळतो, आणि खरा धोका त्या क्षणी असतो. निघण्यापूर्वी आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. मूळ परवान्यावर मोटारसायकलची नोंद नसेल, तर अपघातानंतर प्रवासविम्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो. भाड्याने गाडी देणारे दुकानदार अनेकदा पासपोर्ट ठेवून घ्यायला मागतात. शक्य तेथे त्याऐवजी अनामत रक्कम द्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, कारण एप्रिलचे ऊन दुचाकीवर सोसवत नाही. खेड्यांतून पेट्रोल रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर काचेच्या बाटल्यांतून विकले जाते, त्यामुळे टाकी रिकामी होण्याची चिंता फारशी नसते.

दोन गोष्टींबाबत मात्र मी आग्रही आहे. पहिली म्हणजे, युद्धकाळात पेरलेले सुरुंग ग्रामीण भागात अजूनही पूर्णपणे निघालेले नाहीत, म्हणून कोणत्याही कारणासाठी रुळलेली पायवाट सोडू नये. दुसरी म्हणजे, २०२५ साली थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर प्रत्यक्ष लढाई झाली आहे; त्या सीमेलगतच्या डोंगरकड्यावरचे प्रेआह विहेआर मंदिर कितीही खुणावत असले, तरी या प्रवासात ते मी मुद्दाम घेतलेले नाही.

पहिल्या दिवशी सीएम रीपहून पूर्वेकडे निघून सुमारे सत्तर किलोमीटरवर बेंग मेआलेआ गाठावे. बाराव्या शतकातील या मंदिराची मांडणी अंकोर वाटशी मिळतीजुळती आहे, मात्र ते कोसळलेल्या अवस्थेतच जपलेले असल्यामुळे दगडांच्या राशींवरून बांधलेल्या लाकडी मार्गिकेने फिरावे लागते. येथे मान वर करून उत्तरेकडे पाहावे. दिसतो तो कुलेन पर्वत. याच पर्वतावर दुसऱ्या जयवर्मनने ८०२ साली स्वतःला सार्वभौम घोषित केले असे मानले जाते, आणि याच्याच पायथ्याशी जपानी संशोधकांना वालुकाश्माच्या पन्नासहून अधिक जुन्या खाणी आढळल्या आहेत. अंकोर वाटचा दगड येथून कालव्यांतून वाहून नेला गेला. हे अंतर ज्याने स्वतः गाडीवर कापले आहे, त्याला अंकोर वाटच्या प्रत्येक चिऱ्यामागचे श्रम निराळ्या अर्थाने जाणवतात.

पुढे साधारण साठ किलोमीटरवर कोह केर आहे. त्याचे तिकीट अंकोरच्या तिकिटात येत नाही, ते वेगळे घ्यावे लागते. ९२८ ते ९४४ या अवघ्या सोळा वर्षांत चौथा जयवर्मन आणि त्याचा मुलगा दुसरा हर्षवर्मन यांच्या काळात ही राजधानी नांदली, आणि २०२३ साली तिला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. सात टप्प्यांचा, सुमारे ३६ मीटर उंचीचा प्रासात थॉम हा पिरॅमिड पाहायला सगळेच जातात. मी मात्र तुम्हाला जंगलातील लहान शिवालयांत अधिक वेळ द्यायला सांगेन. त्यांतील काहींत माणसाहून उंच शिवलिंगे मूळ जागी उभी आहेत, शाळुंका आहे, आणि अभिषेकाचे पाणी भिंतीबाहेर नेणारे सोमसूत्रही आहे. आपल्याकडच्या शिवमंदिरात प्रदक्षिणा घालताना जे सोमसूत्र ओलांडायचे नाही असे लहानपणापासून शिकवले जाते, तेच येथे, वाळक्या पानांच्या खचात, समोर येते आणि पाय आपोआप थांबतात.

प्रासात चेन या मंदिरात मन विषण्ण होते. येथे भीम आणि दुर्योधन यांच्या गदायुद्धाचे पूर्णाकृती शिल्पदृश्य होते, भोवती बसून ते पाहणारी पात्रेही होती. यादवीच्या काळात चोरांनी मूर्ती घोट्यापासून तोडून नेल्या आणि चौथऱ्यांवर केवळ पावले उरली. पुढे अमेरिकेत पोहोचलेला दुर्योधन ओळखण्यात ही पावलेच कामी आली. २०१४ साली दुर्योधन आणि भीम मायदेशी परतले. आज ते नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, आणि तेथे नेलेली पावले व येथील रिकामी जागा ही दोन्ही पाहिल्याशिवाय ती कथा पुरी होत नाही.

कोह केरहून त्बेंग मिआनचेमार्गे दक्षिणेला उतरण्यास एक संपूर्ण दिवस राखून ठेवावा. सांबोर प्रेई कुक म्हणजे सातव्या शतकातील ईशानपूर, पहिल्या ईशानवर्मनची राजधानी. येथे दगडाऐवजी वीट आहे, काही देवळे अष्टकोनी आहेत आणि त्यांच्या बाह्य भिंतींवर विटांतच कोरलेले, हवेत तरंगणाऱ्या प्रासादांचे देखावे आहेत. झाडांमधले वर्तुळाकार खड्डे तळी नव्हेत. १९७०च्या दशकातील अमेरिकी बॉम्बहल्ल्यांच्या त्या खुणा आहेत.

परतीचा मार्ग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ हा आहे. त्याच्या कडेला, कांपाँग क्देई गावात, अवजड वाहनांसाठी नवा रस्ता वळवून बाजूला राखलेला बाराव्या शतकातील पूल आहे. तो कोकणातल्या माणसाला पाहताक्षणी ओळखू येणाऱ्या जांभ्याचा असून कठड्यांच्या टोकांना फणा उभारलेले नाग आहेत. ख्मेर कारागीर खरी कमान बांधत नसत, एकावर एक दगड थोडा थोडा पुढे सारत दोन बाजू मिळवत. त्यामुळे प्रत्येक गाळा अरुंद राहतो आणि एवढ्याशा नदीसाठी वीसहून अधिक गाळे लागले आहेत. गाडी कडेला लावून पात्रात उतरावे आणि ते गाळे खालून पाहावेत. वरून गावकऱ्यांच्या दुचाकी आजही जात असतात.