इतवारीची गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईचा पाहुणा आला की हमखास विचारतो, "तुमच्या नागपुरात लोकल नाही का?" मी त्याला सकाळी सकाळी इतवारीला नेतो. पाटीवर आता 'नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी' असं पूर्ण नाव आहे, पण ऑटोवाल्याला नुसतं 'इतवारी टेशन' सांगितलं तरी पुरतं.

गोंदियाकडून मेमू, म्हणजे विजेवर चालणारी लोकलसारखी गाडी, येते. तारसा, कन्हान, कामठीची माणसं उतरतात. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या डोक्यावर भाजीची टोपली, आणि कॉलेजचे पोट्टे गाडी पुरती थांबायच्या आधीच दारात. पाहुणा इंजिन शोधत बसतो. ते सापडत नाही, कारण मेमूच्या मोटारी काही डब्यांतच असतात. त्यामुळं दर स्टेशनावर थांबूनही ती चटकन वेग धरते, आणि परतताना ड्रायव्हर फक्त या टोकाचा त्या टोकाला जातो. जुन्या पॅसेंजरचं इंजिन सोडवून, फिरवून, पुन्हा जोडायचं म्हणजे चहा पिऊन व्हायचा!

पण माझी खरी लोकल वेगळी. नागभीडची छोटी गाडी. रुळांची रुंदी अडीच फूट, म्हणजे मोठ्या गाडीच्या निम्म्याहून कमी. आत्या उमरेडला होती, म्हणून दर सुट्टीत त्या गाडीत बसायचो. समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा. भांडेवाडी, कुही, मग उमरेड. घाई कशी ती तिला माहीतच नव्हती, बाप्पा.

परतीच्या प्रवासात, उन्हाळा तोंडावर आला असला, की भिवापूरहून मिरचीची पोती चढलेली असायची. पंख्याचा वारा लागला की अख्ख्या डब्यात शिंका सुरू. एक काकू पदर नाकाला लावून ओरडायच्या, "पोतं दाराशी ठेव न रे भाऊ!" पोतेवाला स्वतःच शिंकत असल्यामुळं त्याला उत्तर देता येत नसे. ती मिरची इतवारीला उतरायची, तिथून मस्कासाथचा बाजार हाकेच्या अंतरावर.

छिंदवाड्याची छोटी गाडी 2015 मध्ये बंद झाली, नागभीडची 2019 मध्ये. रूळ रुंद करायचे होते; कारण पटण्यासारखंच आहे. छिंदवाड्याला आता मोठी गाडी जाते, माल थेट जातो, वेळ वाचतो. तरी मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात, जे 2002 पासून आहे, तो चिमुकला डबा पाहिला की माझे गुडघे आपोआप जवळ येतात.

आणखी एक गंमत सांगतो. इतवारीचा कारभार बिलासपूरच्या रेल्वेकडे, तर नागपुरातल्याच अजनी स्टेशनाचा मुंबईच्या. दोघांचीही विभागीय कार्यालयं नागपुरातच. एकाच गावच्या गाड्यांची वेळापत्रकं दोन चुलींवर शिजतात! म्हणून निघण्याआधी कोणती गाडी कोणत्या स्टेशनावरून सुटते, तेवढं विचारून घ्या.

आणि रामटेकला जाणार असाल तर एखाद्या रविवारी गडाच्या पायथ्यापर्यंत मोटार नेण्याऐवजी इतवारीहून गाडीनंच जा. कामठी सुटली की खिडकी सोडू नका. कन्हानचा पूल लागतो, आणि म्हाताऱ्या बाया अजूनही पदराची गाठ सोडून नदीत नाणं टाकतात.

नमस्कार.