स्टेशनबाहेर उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं

फादर, सिस्टर आणि सगळी मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पंखा इकडंच आहे. विषय दिलाय रस्त्यावरचा सुवार्ताप्रसार, म्हणजे येशूची शिकवण रस्त्यावर लोकांना सांगणं, आणि मला माहितीय की निम्मे जण विषय ऐकूनच टरकलेत, की आता हा माणूस आपल्या हातात भोंगा देऊन भुसावळच्या बसस्टँडवर उभं करणार. तसं काही नाहीये. भोंग्याच्या तर मी पूर्ण विरोधात आहे.

पहिली गोष्ट अशी की खान्देशात रस्त्यावर देवाचं नाव घेणं हे काही आपण बाहेरून आणलेलं नाही. वासुदेव दारात येतो, चौकात भारूड होतं, मुक्ताईची पालखी इथून निघून पंढरपूरला जाते ती महिनाभर चालतच असते, आणि वाटेतल्या गावांना त्यात काही खुपत नाही कारण ते त्यांचं आहे. आपण उभे राहिलो की मात्र लोक आधी आपला हात बघतात, पत्रक आहे की पाकीट आहे. ही शंका का आली, कोणामुळे आली यावर इथं तासभर भांडता येईल, पण ती आहे हे धरूनच बाहेर पडायचं.

आपल्या चर्चलाही हे नवीन नाही. संत फ्रान्सिस झेवियर 1542 ला गोव्यात उतरले आणि हातात घंटी घेऊन गल्लोगल्ली वाजवत फिरायचे, पोरं गोळा करायचे आणि त्यांना प्रार्थना शिकवायचे. आणि आपण? भुसावळची आपली मंडळी बरीचशी रेल्वेच्या नोकरीनं आलेली, कोणी गोव्याचं, कोणी केरळचं, कोणी तामिळनाडूचं, काही अँग्लो-इंडियन घरं, मिस्सा म्हणजे चर्चमधली आपली उपासना इंग्रजीत, पोरं कॉन्व्हेंटला, ख्रिसमसला शेजारी केक पाठवला आणि दिवाळीला त्यांच्या करंज्या खाल्ल्या की झाला आपला सुवार्ताप्रसार. त्यात वाईट काहीच नाही, पण शेजारणीनं एकदा विचारलं की तुम्ही त्या माळेवर काय म्हणता हो, तर आपल्याला धड दोन वाक्यं मराठीत सांगता येत नाहीत. माझा खरा मुद्दा इथं आहे. रस्त्यावर जायचं ते लोकांना पकडायला नाही, कोणी विचारलं तर उत्तर देता यावं म्हणून आणि त्याच्याआधी त्याचं ऐकून घेता यावं म्हणून.

लंडनमध्ये 1918 ला कॅथलिक एव्हिडन्स गिल्ड म्हणून संघटना निघाली, साधे नोकरीधंद्यातले लोक हाइड पार्कमध्ये स्टुलावर उभे राहून बोलायचे, समोरची गर्दी टोमणे मारायची, वाट्टेल ते विचारायची. फ्रँक शीड हा त्यांच्यातला मोठा वक्ता. पण त्यांच्यात आधी शिकायला लागायचं आणि परीक्षा पास झाल्याशिवाय स्टुलावर चढू देत नसत, हे मला फार आवडतं. आपल्याकडे उलट, ज्याला काही येत नाही त्याचा आवाज सगळ्यात मोठा. नंतर अमेरिकेत पोर्टलंडला 2012 मध्ये सेंट पॉल स्ट्रीट इव्हँजलायझेशन सुरू झालं, त्यांची पद्धत अजून साधी, फुटपाथवर छोटं टेबल, त्यावर जपमाळा आणि मरियामातेचं चित्र असलेली छोटी पदकं, जाणाऱ्याला एवढंच विचारायचं की एक हवीय का, फुकट आहे. नको म्हणाला तर ठीक, थांबला तर गप्पा. वाद घालायचा नाही, भाषण द्यायचं नाही. हाइड पार्क आपल्याकडे चालणार नाही, चौकात स्टुलावर उभं राहिलात तर दहा मिनिटांत पोलिसांची गाडी येईल, पण हे दुसरं चालण्यासारखं आहे.

आता गाडीचा विषय निघालाच आहे तर कायद्याचं बोलून घेऊ, कारण घरच्यांना तीच भीती असते. राज्यघटनेचं कलम 25, त्यात धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिलाय, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. आणि 1977 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची शिकवण दुसऱ्याला सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. हे दोन्ही पाठ करा. आणि आपण तर सीमेवरचे लोक. आपल्याच सुरत लाइनवर नवापूर स्टेशन आहे, अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, एका बाकाचासुद्धा अर्धा भाग इकडे आणि अर्धा तिकडे, लोक मधोमध बसून फोटो काढतात. गुजरातचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा, म्हणजे जबरदस्तीनं किंवा आमिष दाखवून धर्मांतर करायला बंदी घालणारा, 2003 चा आहे, मध्य प्रदेशचा तर 1968 पासूनच होता. म्हणजे बाकावर बूड जरा सरकलं की कायदा बदलला! म्हणून नंदुरबारकडच्या पोरांनी उगाच हिरोगिरी करायची नाही, कुठं उभे आहात ते बघून उभं राहायचं.

पण कायदा नसता तरी आपण काय वेगळं वागलो असतो? जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 लाच धर्मस्वातंत्र्यावरच्या जाहीरनाम्यात लिहून ठेवलंय की श्रद्धा पसरवताना जबरदस्तीचा किंवा हलक्या मार्गाचा वाससुद्धा येता कामा नये, आणि समोरचा गरीब किंवा अडाणी असेल तेव्हा तर अजूनच जपायचं. हे कोणा सरकारनं आपल्यावर लादलेलं नाही, आपल्याच बिशपांनी मतं देऊन पास केलंय. त्यामुळे माझा नियम कडक आहे. हातात जपमाळेपलीकडे काही नको, ना तांदूळ, ना ब्लँकेट, ना शाळेच्या ॲडमिशनचं आश्वासन. गरिबाला मदत करायचीय ना, जरूर करा, पण तो दिवस वेगळा ठेवा आणि त्या दिवशी येशूचं नाव घेऊन पावती मागू नका.

आणि आजाराचं काय बोलायचं तेही ऐका. आपला ग्रुप स्टेशनबाहेर रसवंतीच्या सावलीत उभा होता, मे महिना, डांबर वितळत होतं. साक्रीकडचा एक जण सुरतेच्या गाडीला टाइम होता म्हणून थांबला, खांद्यावर गोणी. माळ हातात घेतली, मणी एकेक सरकवून बघितले आणि पहिला प्रश्न, "यान्हा तुमले कितला पैसा भेटतस?" आपला पोरगा म्हणाला काहीच नाही काका, माळा पण आम्हीच ओवल्यात. "मंग कसाले उभा शेतस उनमा?" यावर पोरगा नुसता हसला आणि त्यानं काकांना पाण्याची बाटली दिली. मग काका बोलायला लागले, आई आजारी, पाय सुजतात, दोन वर्षं झाली, आणि शेवटी, "यान्हावर माय बरी व्हई का?" इथं चुकीचं उत्तर द्यायला अर्धा सेकंद पुरतो. पोरगा म्हणाला, नाही काका, माळेनं पायाची सूज जात नाही, धुळ्याला सिव्हिलमध्ये दाखवा, आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करू, नाव काय त्यांचं? त्यांनी आईचं नाव सांगितलं, माळ परत टेबलावर ठेवली आणि गाडीकडे गेले. माझ्या मते त्या दिवसाची सगळ्यात चांगली भेट ती. पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या पत्रात घरोघरी, रस्त्यात बोलायचा क्रम सांगितलाय, आधी समोरच्यानं आपलं सुखदुःख बोलायचं, त्यानंतर देवाच्या शब्दाची गोष्ट, आणि जमत असेल तर शेवटी छोटीशी प्रार्थना. आपली लोकं क्रम उलटा करतात, डायरेक्ट प्रार्थनेलाच हात घालतात.

कोणी म्हणेल असल्या दोन मिनिटांच्या भेटीनं काय होतंय. रेव्हरंड ना. वा. टिळक आपले कॅथलिक नव्हते, पण गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला, कवितेवर गप्पा झाल्या, उतरताना त्यानं नवा करार हातात दिला आणि गेला. पुढं टिळकांनी स्वतः वाचलं, पत्रं लिहून लोकांना प्रश्न विचारले, आणि 1895 ला बाप्तिस्मा घेतला. गोरा माणूस परत बघायला आला नव्हता की झालं का माझं काम.

सिस्टरनी मघाशी चिठ्ठी पाठवलीय, एखादा तिथंच म्हणाला की मला ख्रिस्ती व्हायचंय, तर? तर घाई करायची नाही. मोठ्या माणसाला स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, द्यायचा तर त्याची स्वतःची इच्छा पाहिजे, नीट शिक्षण झालेलं पाहिजे, जगण्यात ते उतरतंय का हे पाहिलं गेलं पाहिजे, चर्चच्या कायद्यातच आहे हे. आपल्याकडे त्याला बरेच महिने जातात आणि शक्यतो ईस्टरच्या आदल्या रात्री संस्कार होतो. रस्त्यावर नळ उघडून होत नाही. त्याला सांगा, भाऊ, आधी घरी बोल, बायकोशी बोल, आईबापाशी बोल, मग एखाद्या रविवारी मिस्साला येऊन मागच्या बाकावर बसून बघ. फादरचा नंबर त्यानं मागितला तरच द्यायचा, आणि त्याचा नंबर आपण मागायचा नाही.

पुढच्या शनिवारी चार वाजता, ऊन उतरल्यावर. ज्यांना पोलीस स्टेशनला कळवायचं पत्र लिहिता येतं त्यांनी आत्ता थांबा, बाकीच्यांनी चहा घ्या.